कोयता निघण्याआधीची ग्रामसभा



 आज मला बोलायचंय ते आपल्या बीड जिल्ह्यातल्या गावोगावच्या सहा वर्षांखालच्या लेकरांबद्दल. त्यांच्या हक्काच्या पैशाबद्दल.

अंगणवाडीचा मोठा खर्च एकात्मिक बालविकास सेवा योजनेतून चालतो. 2 ऑक्टोबर 1975 रोजी ती देशभरात 33 ठिकाणी सुरू झाली. पूरक आहाराचा खर्च केंद्र आणि राज्य निम्मा-निम्मा उचलतात. 2017 मध्ये त्यासाठी लेकरामागे दिवसाला 8 रुपये असा दर ठरला. पण हे आठ रुपये ताटातल्या घासाचे. गळकं छप्पर, फाटकी सतरंजी, पाण्याची टाकी, चार खेळणी यांचं काय?

त्याची सोय गावातच आहे. ग्रामपंचायतीनं आपल्या उत्पन्नातले 10 टक्के महिला आणि बालकल्याणावर खर्च करायचे, असा नियम आहे. वित्त आयोगाचा निधी येतो, तोही गावाच्या विकास आराखड्यातून खर्च होतो. आराखड्यात अंगणवाडीचं काम लिहिलेलंच नसेल, तर पैसा असूनही लेकरांच्या वाट्याला येत नाही.

आणि खरी अडचण इथंच आहे. पुढच्या वर्षाच्या आराखड्याची चर्चा सुरू होते 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेपासून. आपल्याकडं तेव्हा ऊसतोडीसाठी मुकादमाकडून आगाऊ उचल घेऊन झालेली असते, बोचकी बांधायला सुरुवात झालेली असते. दसरा-दिवाळी सरली की टोळ्या साखर कारखान्याच्या वाटेला लागतात. ज्यांच्या लेकरांना अंगणवाडीची सगळ्यांत जास्त गरज, ते आईबाप आराखड्यावर शेवटचा हात फिरतो तेव्हा उसाच्या फडात असतात. मला ही गोष्ट फार लागते.

म्हणून माझं कळकळीचं सांगणं आहे. ग्रामसभेआधी महिलांची सभा घ्यायची असते. ती कागदावर उरकू देऊ नका. ऊसतोडीला जाणाऱ्या बायांनो, तिथं जा. अंगणवाडीच्या सेविकाताईंना सोबत घ्या, काय हवं ते नेमकं सांगा, ठराव लिहून घ्या आणि वाचून दाखवायला लावा. मागच्या वर्षीचे 10 टक्के कशावर खर्च झाले, तेही विचारा.

आणि गाव सोडण्याआधी लेकराचं नाव, कुठल्या कारखान्यावर जाणार, हे सेविकाताईंना सांगून जा. स्थलांतराची नोंद झाली, तर तिथल्या अंगणवाडीत त्याचा आहार मागता येतो.