दाढ राखावी की काढावी, आणि दाखवावी कोठे?

श्रोतेहो, दाढ ठणकू लागली म्हणजे घरात पहिला प्रश्न निघतो तो हा : "सरकारी दवाखान्यात जायचं, की खासगीत?" एक जण म्हणतो, "सरकारीत गेलं की दाढ उपटून हातात देतात." दुसरा म्हणतो, "खासगीत गेलं की हजारांच्या नोटा मोजाव्या लागतात." दोघांच्याही म्हणण्यात थोडे थोडे खरे आहे. पण हा प्रश्न खरे म्हणजे दुसरा. पहिला प्रश्न त्या दाढेचा : ती किती बिघडली आहे? आणि त्याच्याच जोडीला आणखी एक : आपल्यापाशी दिवस किती आहेत? पैशांचा हिशेब सगळेच करतात, दिवसांचा फारसा कोणी करीत नाही. दाढ मात्र पुष्कळदा त्या हिशेबावरच राहते किंवा जाते.

आधी दाढेचे पाहू. दाताचे वरचे पांढरे कवच आपल्या शरीरात सगळ्यांत टणक. त्याच्या खाली पिवळसर, जरा मऊ थर, आणि अगदी आत एका बारीक पोकळीत नस व रक्तवाहिन्या. गोड पदार्थ दातांत अडकून राहिले की तोंडातले जंतू त्यांचे आम्ल करतात आणि ते आम्ल कवच झिजवते. यालाच आपण कीड म्हणतो. दातात खरोखरची अळी नसते, बरे का! रिंगणीच्या बियांची धुरी घेऊन किडे पडतात असे सांगणारे अजून भेटतात, पण धुरीने दाढेचे भोक काही बुजत नाही.

आता खुणा ओळखा. गार पाणी लागले की कळ येते आणि लगेच जाते, तोवर कीड वरच्या थरांत आहे. सिमेंट भरले की काम भागते, आणि ते बहुधा एका खेपेत होते. पण गरम चहा घेतल्यावर ठणका मिनिटे न् मिनिटे टिकतो, किंवा रात्री झोपेतून उठवतो, तेव्हा कीड नसेपर्यंत गेली असे समजावे. मग नुसते सिमेंट पुरत नाही. नस काढून मुळ्या साफ करून भरायच्या, ज्याला रूट कॅनॉल म्हणतात, नाहीतर दाढ काढायची. दोनच वाटा राहतात.

यानंतरची अवस्था फसवी असते. आठ-पंधरा दिवस ठणकलेली दाढ एके दिवशी आपोआप शांत होते. घरची माणसे म्हणतात, "मिठाच्या गुळण्यांनी गुण आला." गुण आलेला नसतो, नस मेलेली असते. दुखणे कळवणारीच गेली, म्हणून दुखत नाही. आत मुळीशी पू धरत असतो आणि महिन्या-दोन महिन्यांनी गाल सुजतो. औषधाच्या दुकानातून गोळ्या आणून तो पुन्हा पुन्हा दाबता येतो, पण बरा करता येत नाही. म्हणून दुखणे थांबले त्याच आठवड्यात दवाखाना गाठावा.

आपल्या नगर जिल्ह्यात, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, दवाखान्यांच्या वाटा तीन. पहिली सरकारी. प्राथमिक आरोग्य केंद्रात दातांचे डॉक्टर सहसा नसतात. ते उपजिल्हा रुग्णालयात, काही ग्रामीण रुग्णालयांत आणि नगरच्या जिल्हा रुग्णालयात असतात. कोणत्या वारी बसतात हे आधी विचारून जावे, नाहीतर एसटीचे भाडे फुकट. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून उपचार मोफत केलेले आहेत. तिथला डॉक्टरही तीच पदवी घेतलेला असतो. तो दाढ काढतो याचे कारण त्याला दुसरे येत नाही असे नव्हे. खुर्ची एक, रांग मोठी, रूट कॅनॉलचे सामान कधी असते कधी नसते. शिवाय रोगी येतो तोच उशिरा आणि खुर्चीत बसता बसता सांगतो, "डॉक्टर, काढूनच टाका एकदाची!"

दुसरी वाट खासगी दवाखान्याची. तिथे वेळ आपल्या सोयीची मिळते आणि काम भराभर उरकते. पैसे मात्र जास्त, आणि ते टप्प्याटप्प्याने कळतात, हे वाईट. रूट कॅनॉलचा आकडा सांगतात, पण वरच्या टोपीचा, म्हणजे कॅपचा, आकडा मागाहून येतो. नस काढलेली दाढ ठिसूळ होते. तिला टोपी नसेल तर एखाद्या दिवशी भाकरीच्या कडेनेही तिचा टवका उडतो आणि खर्च पाण्यात जातो. तेव्हा पहिल्याच दिवशी विचारावे : टोपीसकट एकूण किती? खेपा किती? दाढ टिकण्याची आशा किती? हे कागदावर लिहून मागायला लाजू नये. नोंदणीचे प्रमाणपत्र भिंतीवर आहे का तेही पाहावे. 1948 च्या दंतवैद्यक कायद्याने नोंदणी आवश्यक केलेली आहे. बाजारच्या दिवशी पेटी मांडून दात बसवणारा कितीही गोड बोलला तरी तो डॉक्टर नव्हे.

तिसरी वाट पुष्कळांना ठाऊक असूनही आठवत नाही. ती दंत महाविद्यालयांची. लोणीला आहे, संगमनेरला आहे, नगरजवळ वडगाव गुप्ता येथे आहे. ही खासगी संस्थांची असली तरी शिकवणीसाठी रोगी हवे असतात, म्हणून दर बाहेरच्यापेक्षा बरेच कमी. शासकीय दंत महाविद्यालय हवे असेल तर जवळचे छत्रपती संभाजीनगरचे, नगरहून सुमारे 115 किलोमीटर. विद्यार्थी काम करतात आणि शिक्षक तपासतात. त्यामुळे काम बिनचूक व्हायला हरकत नाही, पण वेळ लागतो. एका दाढेसाठी तीन-चार खेपा पडू शकतात. प्रत्येक खेपेचे भाडे आणि बुडालेली मजुरी धरली की स्वस्त काम कधी कधी तितके स्वस्त राहत नाही.

आता दिवसांचा हिशेब का म्हणालो ते सांगतो. समजा, पाथर्डी तालुक्यातले एक जोडपे आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली, दिवाळीनंतर ऊसतोडीला निघायचे. बाईची खालची दाढ रात्री ठणकते आहे. "अहो, ह्या दाढंचं काय करायचं?" ती विचारते. नवरा म्हणतो, "कारखान्यावर गेल्यावर बघू." तिथे बघणे होत नाही. कोयता दोघांचा, एकाने सुट्टी घेतली की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे कापले जातात. मग गोळ्यांवर पाच महिने काढायचे.

या बाईंपाशी निघायला सहा आठवडे असतील आणि दाढेचा वरचा भाग शाबूत असेल, तर महाविद्यालयात जाऊन रूट कॅनॉल पुरे करून घ्यावे, टोपीसुद्धा. तीन आठवडे असतील आणि पैशांची सोय होत असेल, तर खासगी दवाखाना. पण आठच दिवस उरले असतील तर माझे मत स्पष्ट आहे : सरकारी रुग्णालयात जाऊन दाढ काढून घ्यावी. अर्धवट रूट कॅनॉल करून, वर कच्चे सिमेंट लावून पाच महिने फडात राहणे सगळ्यांत वाईट. ते सिमेंट निघते, आत पुन्हा घाण जाते, आणि दाढही जाते, पैसेही जातात.

दाढ गेल्याचे नुकसान थोडे नाही. शेजारची दाढ त्या खिंडीकडे कलते, समोरची लांबते, चावणे एका बाजूला येते. पण जी दाढ हिरडी सुटून हलते आहे, किंवा हिरडीच्या खालपर्यंत फुटली आहे, ती कोणत्याच दवाखान्यात वाचणार नाही. साधेपणी निघणारी असेल तर ती काढायला खासगीत पैसे मोजण्याचे कारण नाही. आडवी अडकलेली अक्कलदाढ मात्र वेगळी. तिला शस्त्रक्रिया लागते, ती जिल्हा रुग्णालयात किंवा महाविद्यालयात दाखवावी.

दाढ काढण्यापूर्वी मधुमेह, रक्तदाब, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, गर्भारपण, जे असेल ते सांगावे. काढल्यावर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरावा, त्या दिवशी खळखळून चूळ भरू नये, आणि मिश्री-तंबाखू काही दिवस तरी बंद. वरची दाढ काढल्याने दृष्टी जाते ही भीती खोटी. डोळ्याची नस निराळी, दाताची निराळी. आणि जबड्याखाली सूज येऊन ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना, तर सरकारी की खासगी हा वादच करू नये. जे मोठे रुग्णालय जवळ असेल ते रात्रीच गाठावे. ती सूज गळ्यात उतरली तर जिवावर बेतते.

शिक्षक बंधुभगिनींनो, तुमच्याशी दोन शब्द. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एक नवी दाढ येते. ती येताना कोणताही दात पडत नाही, म्हणून आईबापांना ती दुधाचीच वाटते. "पडेल नि दुसरी येईल," असे म्हणून ते सोडून देतात. ती पडायची नसते, जन्माची असते, आणि किडते तीच पुष्कळदा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत वर्षातून एकदा येते आणि दातही पाहते. त्या दिवशी गैरहजर मुलांची नावे लिहून ठेवावीत. पथकाने रुग्णालयासाठी चिठ्ठी दिली आणि मुलाचे आईबाप उसाच्या फडात असले, तर चिठ्ठी दप्तरात पडून राहते. ती आजीच्या हाती द्यावी, तिला वाचून दाखवावी, आणि रुग्णालयात दातांचे डॉक्टर कोणत्या वारी बसतात तेही तिला सांगून ठेवावे.