शुश्रूषा म्हणजे काय?

मी उपकेंद्रातली नर्स बोलतेय. १२ मे हा परिचारिका दिन, म्हणून रेडिओच्या ताई म्हणाल्या, "सिस्टर, यंदा लसींची माहिती नको. तुम्ही हे काम कुठल्या विचारानं करता, ते सांगा."

हाच प्रश्न मला एकोणिसाव्या वर्षी ट्रेनिंगमध्ये आला होता. 'माझे शुश्रूषेचे तत्त्वज्ञान', एक पान. मी पुस्तकातून सेवा, त्याग, करुणा असे शब्द उतरवले. दहापैकी आठ मार्क मिळाले. त्या पानाचा मला पुढे एकदाही उपयोग झाला नाही.

नोकरी लागून तीन-चार वर्षं झाली होती. आमच्याकडे एक पहिलटकरीण यायची, वीस-एकवीस वर्षांची. अंगात रक्त कमी, हिमोग्लोबिन ८. गरोदरपणी ते ११ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात, म्हणजे हिचं फारच उतरलेलं. तेव्हा आम्ही लोहाच्या १०० गोळ्या द्यायचो. दर महिन्याला मी विचारायची, "गोळ्या घेतेस ना?" ती मान हलवायची, मी रजिस्टरमध्ये खूण करायची. रक्त मात्र वाढेना. मला वाटलं, खाण्यापिण्याची आबाळ असेल.

बाळंतपणात तिचं रक्त खूप गेलं. रात्री जीप मिळेपर्यंत तासभर मोडला. जिल्ह्याच्या गावी नेऊन रक्ताच्या दोन पिशव्या चढवल्या. आधीच अंगात रक्त नसलं, की दुसरीला सोसेल एवढा रक्तस्रावही जिवावर बेततो. वाचली बिचारी.

पंधरा दिवसांनी मी तिच्या घरी गेले. तिच्या सासूनं तांदळाच्या डब्यातून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यापुढं ठेवली. बहुतेक सगळ्या गोळ्या तशाच होत्या. मी पोरीला म्हटलं, "अगं, मला घेते म्हणून सांगत होतीस ना?" ती खाली बघून म्हणाली, "पहिल्या दिवशी आले तेव्हा तुम्ही त्या दुसऱ्या बाईला सगळ्यांदेखत किती बोलला होता. मला मळमळायचं, शौचाला काळं व्हायचं, मी घाबरले. पण तुम्हाला सांगायची भीती वाटली."

लोहाच्या गोळीनं शौचाला काळं होतंच. त्यात भिण्यासारखं काही नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर किंवा रात्री झोपताना घ्यायची. एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. पण ते विचारायला तिला जागाच मी ठेवली नव्हती.

त्या सुमारास एक निवृत्त गुरुजी ड्रेसिंगला यायचे. साखरेच्या आजारानं पायाला जखम झालेली. एक दिवस पट्टी बांधता बांधता मी त्यांना हे सगळं सांगून बसले. ते म्हणाले, "सिस्टर, शुश्रूषा शब्दाचा मूळ अर्थ ठाऊक आहे का? संस्कृतात शुश्रूषा म्हणजे ऐकण्याची इच्छा. सेवा हा अर्थ त्यावरून आला." मी गप्पच झाले. इतकी वर्षं तो शब्द लिहीत होते, आणि माणसाचं ऐकून मात्र घेत नव्हते.

तेव्हापासून माझं तत्त्वज्ञान म्हणाल तर एवढंच आहे. रागावलं की माणूस खोटं बोलतं, आणि आजाऱ्याच्या खोट्यावर केलेला इलाज वाया जातो. म्हणून आधी ऐकायचं. "गोळ्या घेतल्या का?" असं मी आता विचारत नाही, त्याला "हो" हेच उत्तर येतं. मी विचारते, "पाकिटात किती उरल्या? त्रास काय होतो?"

ज्यांच्या जन्मदिवशी हा परिचारिका दिन पाळतात, त्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचं १८५९ सालचं पुस्तक मी फार उशिरा वाचलं. त्यातही हेच आहे. रात्री झोप बरी लागली का, असं मोघम विचारू नका, किती तास आणि केव्हा लागली ते विचारा, असं त्या सांगतात. आणि गंमत म्हणजे ते पुस्तक त्यांनी शिकलेल्या नर्ससाठी लिहिलेलंच नाही. घरात आजाऱ्याचं करणाऱ्या साध्या बायकांसाठी लिहिलंय. खिडकी उघडी ठेवा, हवा-उजेड येऊ द्या, दाराआड कुजबुजू नका. भेटायला येऊन फुकटचा धीर आणि सल्ले देणाऱ्यांवर तर एक वेगळं प्रकरणच आहे! आपल्याकडचे पाहुणे त्या बाईंनी पाहिले नव्हते, तरी.

म्हणजे मैत्रिणींनो, हे तुमचंही काम आहे. 'सासूचं सगळं तिनं केलं' असं आपण म्हणतो. त्या 'केलं'मध्ये हगणं-मुतणं, दर दोन तासांनी कूस बदलणं, पाठीला जखम होतेय का बघणं, सगळं आलं. पण अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना "आज कुठं दुखतंय, कसं बसवू?" असं विचारतो का आपण? त्यांच्या हातात बळ असेल तर चार घास त्यांना स्वतः खाऊ द्या. सांडू दे. भरवलं की काम लवकर उरकतं, हे मलाही कळतं, पण माणूस आणखी परावलंबी होतो.

ऐकायचं म्हणजे सगळं मानायचं, असं नाही हं. साप चावलेल्याला कुणी मांत्रिकाकडे न्यायला निघालं, तर मी कुणाचं ऐकत नाही. आधी गाडीत घालते, भांडण नंतर. आणि खरं सांगते, मला अजूनही राग येतो. लसीकरणाच्या दिवशी चाळीस पोरं रडत असतात, वर कागद भरायचे असतात, तेव्हा आवाज चढतोच. मग दुसऱ्या दिवशी आशाताईला घेऊन त्या बाईच्या दारात जाते.

परवा त्याच पोरीची धाकटी जाऊ आली होती, पाचवा महिना. आता गोळी रोज एक, १८० दिवस घ्यायची असते. ती आल्या आल्या म्हणाली, "सिस्टर, चार दिवस गोळ्या घेतल्या नाहीत, रागवा." मी म्हटलं, "बस आधी. गोळी कशाबरोबर घेतेस?" तर म्हणे, चहाबरोबर! चहानं लोह अंगी लागत नाही. लिंबूपाण्याबरोबर घे म्हटलं, बघ मळमळतंय का, आणि आठ दिवसांनी येऊन सांग. येत्या बुधवारी येणार आहे ती.