जुन्या वस्तूची गॅरंटी

(रौप्यमहोत्सवी वर्षात सोसायटीच्या पार्किंगमध्ये सभासदांच्या जुन्या वस्तूंचा बाजार भरवण्यात आला. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी संध्याकाळी, झालेल्या सभेतील भाषण.)



उद्याच्या बाजाराची कल्पना माझी, म्हणून बोलायची शिक्षाही मलाच. पंधरा मिनिटं घेतो. घड्याळ समोर ठेवलंय, बँकेची सवय आहे.

आपण इथं राहायला आलो तेव्हा पार्किंगमध्ये गाड्या कमी आणि जागा जास्त होती. आज जिन्याखाली पाळणे आहेत, हवा गेलेल्या सायकली आहेत, एक कूलर आहे. कमिटीनं दोनदा नोटीस लावली. वस्तू न्यायला कुणी आलं नाही, आणि ‘भंगारात घाला’ असंही कुणी म्हणालं नाही. मागच्या सभेत यावरून आवाज चढले, ते तुम्हाला आठवत असेल. तेव्हा मी म्हटलं, टाकायचं नाही आणि ठेवायचंही नाही, तर विकूया.

हे मी पाहिलं इंग्लंडमध्ये, मुलीकडे गेलो होतो तेव्हा. तिकडे रविवारी सकाळी एखाद्या माळावर लोक आपापल्या मोटारी घेऊन येतात, रांगेत लावतात, डिकी उघडतात आणि घरातलं जुनं सामान मांडून बसतात. मोटारीच्या डिकीला ते बूट म्हणतात, म्हणून नाव कार बूट सेल. एका आजींनी टेबलावरचं घड्याळ विकायला ठेवलं होतं. त्याला चिठ्ठी बांधली होती : ‘चांगलं चालतं, पण आठवड्याला दहा मिनिटं मागे पडतं.’ मी ते घड्याळ घेतलं. चिठ्ठी नसती तर कदाचित घेतलं नसतं.

आपल्याला हे काही नवीन नाही. पुण्यात मंगळवार पेठेत रविवारी आणि बुधवारी जुना बाजार भरतो, मुंबईचा चोर बाजार तर सगळ्यांना ठाऊक आहे. आणि बाजारात न जाताही आपल्या आयांनी जुन्याचा व्यवहार केलाच की! शुक्रवार पेठेत आमच्या घरी दुपारी बोहारीण यायची. आई दारात जुन्या साड्या टाकायची, ती पातेली मांडायची. बोहारीण प्रत्येक साडी उजेडाला धरून बघायची. “वहिनी, काठ विरलाय की ओ ह्येचा!” आई पातेल्यावर टिचकी मारून म्हणायची, “आणि तुझं पातेलं किती पातळ आहे ते बघ.” तास-तास चालायचं. शेवटी एक वाटी जास्तीची घेऊनच आई उठायची. पण बघा, दोघी एकमेकींच्या मालाचा दोष तोंडावर सांगायच्या. त्यामुळं पुढच्या वेळी बोहारीण पुन्हा आमच्याच दारात यायची.

आता मुद्द्यावर येतो. नवीन वस्तूला कंपनीची गॅरंटी असते. जुन्या वस्तूला कुणाची? फक्त विकणाऱ्याच्या तोंडाची. हे मी फार उशिरा शिकलो, आणि दुसऱ्याच्या खर्चानं शिकलो.

1983 साली मी माझी बजाज स्कूटर विकली. तुमच्यातल्या तरुणांना सांगितलं तर खरं वाटणार नाही, पण त्या काळात नव्या स्कूटरसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागायचं. त्यामुळं जुनीलाही गिऱ्हाईक हमखास. माझ्या गाडीला एक खोड होती. इंजिन तापलं की बंद पडायची आणि तासभर चालू व्हायची नाही. कागलकडचे एक तरुण शिक्षक बघायला येणार होते. मी त्यांना मुद्दाम सकाळी सातला बोलावलं. गार इंजिन, एका किकमध्ये सुरू! त्यांनी गल्लीत एक चक्कर मारली, खूश झाले, पैसे मोजून दिले. मी खोटं काहीच बोललो नव्हतो. त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

महिन्याभरानं मी एसटीनं निपाणीला निघालो होतो. पाऊस होता. लक्ष्मी टेकडीच्या चढावर ते दिसले. स्कूटर ढकलत होते. मागून त्यांची बायको, कडेवर लहान मूल, डोक्यावर पदर. मी खिडकीतून बघितलं आणि मान दुसरीकडं वळवली. ते गृहस्थ तक्रार घेऊन माझ्याकडं कधी आले नाहीत. आले असते तर बरं झालं असतं. निदान अर्धे पैसे परत केले असते, असं मी स्वतःला सांगतो. बेचाळीस वर्षं झाली. पत्नी सोडून हे मी कुणालाही सांगितलं नव्हतं, आज तुम्हाला सांगितलं.

याच्या उलट गोष्ट उद्यमनगरातली. मी तिथल्या कारखान्यांची कर्जप्रकरणं बघायचो. एका पोराला जुना लेथ घ्यायचा होता, मी तपासणीला गेलो. विकणारा मिस्त्री स्वतःहून म्हणाला, “साहेब, हेडकडच्या बाजूला बेड झिजलाय. बारीक मापाचं काम ह्याच्यावर जमायचं नाही. रफ कामाला मात्र दहा वर्षं बघायला नको.” किंमत कमी झाली, पण व्यवहार तिथल्या तिथं ठरला. पोरानं रफ कामंच घेतली आणि हप्ता कधी चुकवला नाही. खरं सांगून मिस्त्रीचं नुकसान किती झालं? थोडं. पण तो मशीन विकून रात्री शांत झोपला असेल, माझं तसं झालं नाही.

अमेरिकेतले एक अर्थशास्त्रज्ञ आहेत, जॉर्ज अ‍ॅकरलॉफ. त्यांनी 1970 साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. सांगणं साधं आहे. चांगली गाडी कुठली आणि खराब कुठली हे घेणाऱ्याला कळत नाही, म्हणून तो सगळ्यांनाच मधला भाव देतो. त्या भावात चांगल्या गाडीवाल्याला परवडत नाही, तो गाडी घरी नेतो. मागं उरतात त्या खराब गाड्या. मग भाव आणखी पडतो. 2001 साली त्यांना इतर दोघांबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निबंध वाचताना मला स्कूटर आठवली. मी फक्त एका शिक्षकाला फसवलं नव्हतं. पुढं जुनी गाडी विकणाऱ्या प्रत्येक सरळ माणसाचा भावही थोडा पाडला होता.

म्हणून उद्याचा पहिला नियम : प्रत्येक वस्तूला चिठ्ठी. किंमत वर आणि खोड खाली. मिक्सरचं झाकण गळत असेल तर तसं लिहा. खोड नसेल तर ‘माझ्या माहितीत काही नाही’ असं लिहा.

आता कागदपत्रं. मोबाइल विकणार असाल तर बिल बरोबर ठेवा आणि आतली सगळी माहिती पुसून टाका. घेणाऱ्यानं *#06# दाबून आयएमईआय नंबर बघावा, तो ‘केवायएम’ अक्षरांच्या पुढं लिहून 14422 वर मेसेज करावा. फोन चोरीचा म्हणून बंद केलेला असेल तर कळतं. आपल्या 1930 च्या मालविक्री कायद्याप्रमाणं, जो स्वतः मालक नाही त्याच्याकडून घेतलेल्या वस्तूची मालकी सहसा मिळत नाही. पैसे दिले, उजेडात घेतली, चार माणसांसमोर घेतली, तरी चोरीचा माल मूळ मालकाचाच.

दुचाकी विकणार असाल तर चावी देऊन मोकळे होऊ नका. राज्यातल्या राज्यात विक्री झाली तर विकणाऱ्यानं चौदा दिवसांत आणि घेणाऱ्यानं तीस दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. फॉर्म 29 आणि 30. गाडीवर कर्ज असेल तर फेडल्यावर फॉर्म 35 आणि बँकेचं नाहरकत पत्र. दप्तरी तुमचं नाव राहिलं आणि अपघात झाला, तर भरपाईला तुम्हीच जबाबदार, असं सुप्रीम कोर्टानं 2018 साली स्पष्ट केलंय. आणि हो, गॅसचा सिलिंडर कुणी मांडू नका. तो कंपनीचा असतो, आपला नव्हे!

शेवटचा मुद्दा वादाचा आहे. काही सभासदांचं म्हणणं, विकायचं कशाला, कामाला येणाऱ्या मावशींना आणि वॉचमनना फुकट देऊन टाकू. भावना चांगली आहे. पण 2019 चा महापूर आठवा. पंचगंगेची धोका पातळी 43 फूट, आणि पाणी त्याच्या किती वर गेलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. आपली सोसायटी उंचावर, आपल्याकडं पाणी आलं नाही. आपण कपडे, चपला गोळा करून पूरग्रस्तांना नेऊन दिल्या. वाटायला मी होतो. त्या ढिगात चांगलंही पुष्कळ होतं. पण फाटकी पोलकी होती, नाडी नसलेले परकर होते. एका बाईनं एकच चप्पल उचलून मला विचारलं, “दादा, दुसरी कुठाय?” ती रागावली नव्हती, खरोखर शोधत होती. मला खाली बघावं लागलं.

फुकट घेणाऱ्याला खोड विचारता येत नाही. पन्नास रुपये देणाऱ्याला येते. तो वस्तू उलटीपालटी करून बघतो, घासाघीस करतो, नको म्हणून निघूनही जातो. हा हक्क आपल्या मावशींना आणि वॉचमनना मिळायला हवा. त्यांना पहिला तास द्यावा, भाव मात्र सगळ्यांना एकच असावा, अशी माझी विनंती आहे. जमा होईल ती रक्कम कशाला वापरायची ते पुढच्या सभेत ठरवू. भांडायला काहीतरी हवंच!

मी स्वतः उद्या एक पायमशीन मांडणार आहे. हिचं. हिला जाऊन चार वर्षं झाली. चिरंजीव म्हणतात, राहू दे बाबा, हॉलमध्ये शोभेला ठेवू, वर कुंडी ठेवता येईल. पण जे मशीन रात्री बारापर्यंत चालायचं, त्याच्यावर कुंडी मला बघवणार नाही. कुणीतरी त्याच्यावर चार पैसे मिळवावेत. चिठ्ठी आत्ताच लिहून आणलीय, वाचतो : ‘पायमशीन. तेलपाणी केलेलं. पट्टा नवीन. जाड कापडावर धागा तुटतो, हळू चालवावं लागतं. किंमत बाराशे. घासाघीस चालेल.’

उद्या सकाळी आठ वाजता पार्किंगमध्ये भेटू. टेबल आपापलं आणावं.