पगाराआधी घड्याळ



यवतमाळ-मूर्तिजापूरची आपली शकुंतला आता धावत नाही. पण १९९४ पर्यंत ती वाफेवर चाले आणि तिच्या भट्टीपुढे फायरमन कसा भाजून निघे, हे लोहाऱ्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असेल. रेल्वे कामगारांचे भांडण पगाराचे, असे आपण सहज म्हणतो. इंजिनावरच्या माणसाचे पहिले गाऱ्हाणे मात्र घड्याळाचे होते. गाडी रखडली की त्याची पाळीही रखडे. घरी केव्हा पोचणार, हे त्यालाच ठाऊक नसे! १९७३ च्या ऑगस्टात या मंडळींनी काम थांबविले, तेव्हा दहा तासांच्या पाळीचे आश्वासन मिळाले. पुढल्या वर्षी आठ तास, बोनस व पगारवाढ यांसाठी वाटाघाटी चालू असतानाच, २ मे १९७४ रोजी जॉर्ज फर्नांडिस यांना अटक झाली. बोलणाऱ्यालाच कोंडल्यावर बोलणी व्हायची कोणाशी? ८ मेपासून वीस दिवस संप चालला. हजारो तुरुंगात गेले, कित्येकांची बिऱ्हाडे रेल्वेच्या क्वार्टरांतून रस्त्यावर आली. अखेर संप बिनशर्त मागे घ्यावा लागला. कामगार हरले, असेच तेव्हा म्हटले गेले. पण १९७७ मध्ये आपले मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि बडतर्फ कामगार परत कामावर आले. १९७९ मध्ये बोनसही मंजूर झाला. घड्याळाचा तंटा तेवढा इंजिनचालक आजही घालीत आहेत.