सोयीचें शुल्क कोणीं भरावें ?

नातवाच्या परीक्षेची फी घरबसल्या भरावी म्हणून गेल्या महिन्यांत मीं त्याच्या हातीं माझें क्रेडिट कार्ड दिलें. फी होती १५०० रुपये. सर्व माहिती भरून झाल्यावर अगदीं शेवटीं पडद्यावर आंकडा उमटला १५३५ रुपये ४० पैशांचा, व खालीं बारीक अक्षरांत 'सुविधा शुल्क' असे शब्द. मास्तरकीची खोड जात नाहीं. मीं हिशेब मांडला. शेंकडा २ प्रमाणें ३० रुपये, आणि त्या तिसांवर शेंकडा १८ जीएसटी म्हणजे ५ रुपये ४० पैसे. बेरीज बिनचूक होती. पण व्यवहार न्याय्य होता काय?

पैसा पोंचविण्यास मोल पडतें, हें नवें नाहीं. पेढ्यांवर हुंडणावळ होती; मनिऑर्डरीचें कमिशन पाठविणाराच भरीत असे. मात्र तें त्यास खिडकीपाशीं आधींच कळे. कार्डाचें शुल्क बँक दुकानदाराकडून कापून घेते. तें त्यानें मालाच्या किंमतींत मिसळलें, तर रोख पैसे मोजणाऱ्या गरीब गिऱ्हाइकासही दुसऱ्याच्या सोयीचा भार उचलावा लागतो. म्हणून क्रेडिट कार्डाचा खर्च वेगळा दाखविणें मला गैर वाटत नाहीं.

गैर आहेत त्या दोन गोष्टी. पहिली, रक्कम शेवटच्या पायरीपर्यंत झांकून ठेवणें. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें नोव्हेंबर २०२३ मध्यें काढलेल्या नियमांत अशा ठिबकत्या किंमतीस फसव्या युक्त्यांतच गणलें आहे. दुसरी, जेथें खर्च नाहीं तेथें तो मागणें. यूपीआय व रुपे डेबिट कार्ड यांवरील दुकानदाराचें शुल्क सरकारनें १ जानेवारी २०२० पासून रद्द केलें. इतर डेबिट कार्डांवरील शुल्कही गिऱ्हाइकावर लादूं नये, असें रिझर्व्ह बँकेनें बजावलेलें आहे. तरी 'कार्ड असेल तर दोन टक्के जास्त' असें सरसकट सांगणारे दुकानदार भेटतातच; आणि कार्ड कोणतें, हें आपणही बोलत नाहीं.

नातवानें कार्ड बाजूस ठेवून यूपीआयनें फी भरली, आणि ते ३५ रुपये ४० पैसे नाहींसे झाले. ज्या घरीं सांगणारा नातू नाहीं, तेथें ते निमूटपणें भरले गेले असतील. घेणाऱ्यानें आधीं सांगावें, देणाऱ्यानें आधीं विचारावें. पैशाचा व्यवहार पडद्यावर आला, म्हणून ही जुनी रीत सोडण्याचें कारण नाहीं.