मेजावरची भट्टी आणि तिच्यातील हवा

उन्हाळ्यात उसाला पाण्याची ओढ लागते, आणि नेमका त्याच सुमारास खेड्यापाड्यांत विजेचा दाबही उतरतो. दाब उतरला तरी विहिरीवरच्या पंपाला तेवढेच पाणी वर चढवायचे असते. साहजिकच त्याची मोटार अधिक प्रवाह ओढू लागते, तिची कॉइल तापते आणि एखाद्या दुपारी जळून जाते. मग ती मोटार बैलगाडीतून किंवा टेंपोतून तालुक्याच्या गावी, रिवाइंडिंगच्या दुकानात येते. बेळगावकडील उसाच्या पट्ट्यात काय किंवा इंदूर-बडोद्याच्या कारखान्यांच्या आसपास काय, अशी दुकाने ठिकठिकाणी आहेत. तेथे जळकी तार काढून नवी भरतात, भरलेला स्टेटर वार्निशात बुडवतात आणि ते वार्निश पक्के व्हावे म्हणून मेजावर ठेवलेल्या विजेच्या भट्टीत तो काही तास भाजतात. पुष्कळ वार्निशांना त्यासाठी १२० ते १५० अंश सेल्सिअस एवढी उष्णता लागते. हीच भट्टी प्रयोगशाळेत नमुने वाळवते, रंगवलेले सुटे भाग भाजते आणि ओतकामाच्या कारखान्यात वाळूचे कोअर सुकवते. घरातल्या कपाटाहूनही लहान अशा या भट्टीची मांडणी, वापर आणि निगा यांविषयी आज चार गोष्टी सांगावयाच्या आहेत.

भट्टी म्हटली की आपल्या मनात प्रथम चटक्याची भीती येते. ती खरीच आहे. परंतु चटका माणसाला लवकर शहाणे करतो. जिची भीती वाटत नाही आणि जी डोळ्यांना दिसतही नाही, ती थिनरची वाफ अधिक घातक होय. थोडे गणित केले म्हणजे हे ध्यानात येईल. वार्निश पातळ करण्यासाठी जे थिनर वापरतात त्यात बहुधा टोल्युइन, झायलीन असे द्रव असतात. टोल्युइनची वाफ हवेत शेकडा सुमारे १.२ भाग मिसळली की ते मिश्रण पेट घेऊ शकते. आता लांबी, रुंदी आणि उंची प्रत्येकी ६० सेंटीमीटर असलेली भट्टी घ्या. तिच्यात २१६ लिटर हवा मावते. तिचे शेकडा १.२ भाग म्हणजे सुमारे अडीच लिटर वाफ. एवढी वाफ होण्यास द्रव टोल्युइन किती पुरते? अवघे १० मिलिलीटर; म्हणजे चहाचे दोन चमचे! वार्निशातून नुकत्याच काढलेल्या स्टेटरमध्ये याहून कितीतरी अधिक थिनर शिल्लक असते. आणि पेटवायला ठिणगीच हवी असे नाही. टोल्युइनची वाफ सुमारे ४८० अंशांना आपण होऊन पेट घेते. हीटरची तार लालभडक दिसते तेव्हा ती त्याहून अधिक तापलेली असते.

तेव्हा भट्टी घेताना आपण सवयीने विचारतो, ‘किती अंशांपर्यंत जाते?’ त्याआधी विचारावयास हवे ते असे: हिच्यात काय जाणार आणि त्याची वाफ कोठे जाणार? मेजावरच्या कित्येक भट्ट्या केवळ कोरड्या किंवा पाण्याने ओलसर असलेल्या मालासाठी बनवलेल्या असतात. त्यांच्या माथ्यावर एक छिद्र व त्यावर सरकती झडप असते. गरम हवा आपोआप वर जाते एवढाच तिचा उपयोग. अशी भट्टी थिनरच्या कामाला लावणे हे पाण्याच्या घागरीत रॉकेल भरून ती चुलीजवळ ठेवण्यासारखे आहे. ज्वलनशील वाफेसाठी बनवलेल्या भट्टीला हवा ओढून बाहेर टाकणारा पंखा असतो, आणि तो पंखा फिरत नसेल तर हीटरला वीजच मिळू नये अशी जोडणी असते. निर्मात्याने पाटीवर आणि पुस्तिकेत काय लिहिले आहे ते खरेदीपूर्वीच वाचावे.

हवा किती लागते? अमेरिकेतील एनएफपीए ८६ या मानकात असे धोरण आहे की, भट्टीतील वाफ पेट घेण्याच्या मर्यादेच्या सामान्यतः एक चतुर्थांशाच्या वर जाऊ देऊ नये. एक लिटर टोल्युइनची वाफ या बेताने विरळ ठेवावयाची तर सुमारे ८० घनमीटर ताजी हवा लागते. दहा फूट लांब, दहा फूट रुंद आणि दहा फूट उंच अशा जवळजवळ तीन खोल्यांची ही हवा झाली. शिवाय वाफ सर्व तासांत सारखी निघत नाही. पहिल्या टप्प्यातच ती भराभर निघते. म्हणून आरंभी हवा सर्वांत अधिक हवी. ‘उष्णता वाया जाते’ म्हणून आरंभीच झडप बंद करणारा मनुष्य विजेचे चार पैसे वाचवतो आणि सारे दुकान पणाला लावतो.

आता मांडणीकडे वळू. भट्टी लाकडी मेजावर ठेवू नये. तिच्या भाराला पुरेल असे लोखंडी मेज समतल करून त्यावर ठेवावी. मागे आणि बाजूंना पुस्तिकेत सांगितलेले अंतर मोकळे सोडावे आणि वर कागदपत्रांची फळी कधीही ठोकू नये. वार्निशाचे टाके आणि थिनरचे डबे तिच्याजवळ नसावेत. टोल्युइनची वाफ हवेहून तिपटीने जड असते. ती जमिनीलगत पसरत दूरवर जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. वाफेचा नळ थेट छताबाहेर किंवा भिंतीबाहेर न्यावा. शेजाऱ्याच्या खिडकीखाली अथवा माळ्यावर सोडू नये. खोलीत ताजी हवा येण्याची वाटही असावी, कारण जेवढी हवा बाहेर जाते तेवढी आत आलीच पाहिजे. भट्टीचे दार पूर्ण उघडले तरी मागे सरकण्यास माणसाला जागा राहील असे पाहावे.

विजेचे काम परवानाधारक तारतंत्रीकडूनच करून घ्यावे. तीन किलोवॅटची भट्टी २३० व्होल्टवर सुमारे १३ अँपियर प्रवाह ओढते, आणि तोही घटकाभर नव्हे तर कित्येक तास. भिंतीवरच्या साध्या प्लगाला किंवा जोडवायरीला हा भार सोसत नाही. तिच्यासाठी स्वतंत्र लाइन आणि हाताशी येणारा स्वतंत्र मेन स्विच असावा. तो स्विच भट्टीच्या मागे नसावा, कारण आग लागल्यावर आगीवरून हात घालून वीज तोडता येत नाही. अर्थिंग पक्के हवे. त्यासाठी आयएस ३०४३ हे भारतीय मानक आहे. गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारे आरसीसीबीही बसवावे.

उष्णतेवर पहारा ठेवण्यास मात्र एक पहारेकरी पुरत नाही. उष्णता राखणारे यंत्र थर्मोकपलच्या सांगण्यावरून चालते. ते थर्मोकपल निसटून भट्टीबाहेर लोंबू लागले, तर ‘आत थंडच आहे’ असेच ते सांगत राहते आणि हीटर अखंड चालू राहतो. कधी कॉन्टॅक्टरची टोके एकमेकांना चिकटतात. कधी सॉलिड स्टेट रिले बिघडून चालू स्थितीतच अडकतो. म्हणून दुसरे, अगदी निराळे मर्यादायंत्र असावे. त्याचे थर्मोकपल वेगळे आणि वीज तोडणारा कॉन्टॅक्टरही वेगळा. ते एकदा तुटले की माणसाने येऊन कारण शोधावे आणि हातानेच ते पुन्हा जोडावे. ते आपोआप जुळू लागले तर दोष झाकला जातो आणि रात्रभर तोच खेळ चालतो.

रोजच्या वापराचा क्रम सोपा आहे. स्टेटर वार्निशातून काढल्यावर तो घाईने भट्टीत घालू नये; हवेशीर जागी, विस्तवापासून दूर, थेंब गळायचे थांबेपर्यंत निथळू द्यावा. प्रथम पंखा चालू करावा, काही मिनिटे जुनी हवा जाऊ द्यावी आणि मगच हीटर लावावा. माल जाळीच्या फळ्यांवर हवा खेळेल असा मांडावा. भट्टीच्या तळावर किंवा हीटरला टेकवून ठेवू नये. बंद डबे, तेलकट चिंध्या, प्लॅस्टिकच्या वस्तू आत जाऊ देऊ नयेत. आणि दुपारचा डबाही तिच्यात गरम करू नये. वार्निशाचे भिंतींवर बसलेले अंश अन्नात उतरावेत असे कोणाला वाटेल? दार उघडताना हीटर बंद करावा, बाजूला उभे राहावे, दार आधी बोटभर उघडावे आणि मग पूर्ण. हातमोजे जाड आणि कोरडे असावेत. ओले फडके तापलेल्या लोखंडाला लागताच त्यातील पाण्याची वाफ होते आणि हात भाजतो.

आत आग लागलीच तर दार उघडू नये. दार उघडणे म्हणजे तिला हवा देणे होय. मेन स्विच बंद करावा, माणसांना बाहेर काढावे, अग्निशामक दलाला बोलवावे. जवळ कार्बन डायऑक्साइडचे किंवा कोरड्या पावडरीचे अग्निशामक नळकांडे असावे. विजेच्या यंत्रावर पाणी टाकू नये. कोणी भाजलेच तर ती जागा वीस मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी. शाई, टूथपेस्ट, हळद यांचा लेप लावू नये. भाजणे मोठे असेल तर पाण्यानंतर विलंब न करता दवाखाना गाठावा.

उरली निगा. पावसाळा हा आपल्याकडच्या भट्टीचा खरा शत्रू. नळीच्या हीटरमध्ये भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची भुकटी हवेतील ओल शोषून घेते. गोवा-बेळगावच्या चार महिन्यांच्या दमट हवेनंतर पडून राहिलेली भट्टी एकदम चालू केली तर प्रवाह गळू लागतो आणि आरसीसीबी पडते. अशा वेळी आरसीसीबीलाच दोष देऊन ते काढून टाकणारे लोक आढळतात! वास्तविक ते आपले काम चोख बजावत असते. तारतंत्र्याकडून मेगरने तपासणी करून घ्यावी आणि पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे, आत काही न ठेवता, मंद उष्णतेवर ओल घालवावी.

दर आठवड्यास आतील वार्निशाचे ओघळ आणि नळात साचलेला चिकटा काढावा, कारण तोही जळणारा पदार्थ आहे. दाराच्या गॅस्केटमध्ये कागदाची पट्टी धरून दार लावावे. ती सहज निघाली तर तेथे फट आहे असे समजावे. दर महिन्यास मर्यादायंत्राची पारख करावी: भट्टी तापलेली असता त्याची मर्यादा चालू अंशांच्या खाली आणावी आणि हीटर तत्क्षणी तुटतो की नाही ते पाहावे. वर्षातून एकदा विजेच्या जोडण्यांचे स्क्रू तपासावेत, कारण सैल जोड स्वतःच तापतो. भट्टीला हात लावण्यापूर्वी मेन स्विच बंद करून त्यास कुलूप घालावे आणि किल्ली काम करणाऱ्यानेच खिशात ठेवावी. फार जुन्या भट्टीच्या दाराची दोरी किंवा आतील पत्रे अ‍ॅस्बेस्टॉसचे असू शकतात. ते ओरबाडू नयेत, त्यांवर हवेचा फवारा मारू नये. त्याचे तंतू फुप्फुसात जाऊन कित्येक वर्षांनी घातक रोग उत्पन्न करतात. असे काम जाणकारांकडेच सोपवावे.

श्रोतेहो, अंशांचा आकडा मालक ठरवतो. परंतु दार उघडतो तो बहुधा कामावरचा गडी. भट्टीबरोबर आलेली इंग्रजी पुस्तिका कपाटात असते आणि कपाटाची किल्ली मालकापाशी. म्हणून भट्टीशेजारी भिंतीवर एक तक्ता लावावा, आणि तो त्या गड्याला वाचता येईल अशा भाषेत असावा: बेळगावात मराठीत आणि कानडीत, बडोद्यास गुजरातीत, इंदुरास हिंदीत. त्यावर चारच ओळी पुरेत. माल निथळू द्या. आधी पंखा, मग हीटर. दार बाजूला राहून उघडा. आग दिसली तर दार बंदच ठेवा आणि वीज तोडा. तक्ता लावून झाला की मालकाने एक दिवस तेथे उभे राहून तो मोठ्याने वाचून दाखवावा, आणि गड्याने काही विचारले तर त्याचे उत्तर द्यावे.