एका अक्षराची दुरुस्ती

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेल्या छोट्या भाषणाचा मजकूर)



इथे बहुतेक जण आपल्या यशाबद्दल बोलले. मी माझ्या एका फजितीबद्दल बोलणार आहे.

‘गेम जॅम’ म्हणजे ठरलेल्या मुदतीत संगणकावरचा खेळ तयार करायची स्पर्धा. ‘लुडम डेअर’ ही त्यातली एक जुनी, २००२ साली सुरू झालेली स्पर्धा. तिच्या एकट्याने भाग घ्यायच्या गटात ४८ तास मिळत. विषय आयत्या वेळी कळे आणि प्रोग्राम, चित्रं, आवाज, सगळं त्या ४८ तासांत स्वतःच करायचं. बक्षीस काही नाही. भाग घेणारेच एकमेकांचे खेळ खेळून गुण देत.

मी भाग घेतला तेव्हा सिंगापूरच्या घड्याळाप्रमाणे मुदत सोमवारी सकाळी नऊला संपत होती. पावणेनऊला मी खेळ पाठवला आणि दोन रात्रींच्या जागरणाचे डोळे घेऊन जुरोंग आयलंडची बस पकडली. हे बेटही आपल्या मुंबईसारखंच, सात बेटांमध्ये भराव घालून केलेलं. २००० साली त्याचं रीतसर उद्घाटन झालं. फरक एवढाच, की इथे माणसं राहत नाहीत, रसायनांचे कारखाने राहतात. पासाशिवाय आत प्रवेश नाही.

तपासनाक्यावर पोहोचतो तोच फोनवर निरोप आला, “तुझा खेळ सुरूच होत नाही. नुसता काळा पडदा दिसतो.”

आता काय करणार? कारखान्यात साधा मोबाइल नेता येत नाही, ठिणगीची भीती असते. फोन लॉकरमध्ये गेला आणि संध्याकाळपर्यंत मी नुसता चडफडत राहिलो.

माझं तिथलं काम म्हणजे बदलांच्या अर्जांची संगणकावरची नोंद. साधा व्हॉल्व्ह वेगळ्या प्रकारचा बसवायचा असला तरी अर्ज: काय बदलणार, का बदलणार, त्याचा आणखी कशावर परिणाम होईल, कोणी तपासलं. जेवताना मी या कागदपत्रांबद्दल कुरकुरलो, तेव्हा तिथल्या एका ज्येष्ठ इंजिनियरांनी मला फ्लिक्सबरोची हकीकत सांगितली.

इंग्लंडमधल्या या कारखान्यात १९७४ साली ओळीतल्या सहा रिअ‍ॅक्टरांपैकी पाचव्याला तडा गेला. तो काढला आणि काम लवकर सुरू व्हावं म्हणून चौथा आणि सहावा तात्पुरत्या पाइपने जोडले. त्या पाइपचं रेखाटन वर्कशॉपच्या जमिनीवर खडूने केलेलं होतं. नीट हिशेब कोणी केलाच नाही. दोन महिने सगळं सुरळीत चाललं. १ जूनला तो पाइप निखळला, वाफेचा स्फोट झाला आणि २८ माणसं गेली.

“तात्पुरतं काय आणि कायमचं काय,” ते म्हणाले, “पाइपला कुठे कळतं?”

संध्याकाळी घरी येऊन लॅपटॉप उघडला. चूक दोन मिनिटांत सापडली. चित्राच्या फाइलचं नाव मोठ्या ‘पी’ने आणि प्रोग्राममध्ये तेच नाव छोट्या ‘पी’ने! विंडोजला हा फरक चालतो, म्हणून माझ्याकडे सगळं ठीक. पण सर्व्हर लिनक्सचा, त्याच्या लेखी ती दोन वेगळी नावं. आपल्या देवनागरीत ही भानगडच नाही!

अक्षर बदललं, खेळ सुरू झाला. पण हात कुठे थांबतोय? शत्रू जरा जास्तच वेगाने पळतो, तेवढं कमी करू. तिसरी पातळी अर्धवट राहिली होती, तीही पुरी करू. नाहीतरी दुरुस्ती चालूच आहे. अर्धा तास गेला. बायको मागे येऊन उभी राहिली. “सापडली ना चूक? मग आता काय करतोयस?”

मंडळी, उत्तर देता येईना. स्पर्धेचा नियम साफ होता: खेळ चालतच नसेल तर मुदतीनंतर दुरुस्त करा, पण नवी भर घालू नका. बाकीच्यांनी ४८ तासांत जे जमलं ते दिलं होतं. मी मात्र ‘दुरुस्ती’च्या नावाखाली एकोणपन्नासावा तास चोरत होतो. शिवाय रात्रीच्या झोपेत घातलेली ती भर तपासली तरी कोणी होती?

सगळं पुसलं. फक्त ते एक अक्षर बदलून खेळ पुन्हा चढवला आणि पानावर लिहिलं, “मुदतीनंतरचा बदल: फाइलच्या नावातलं एक अक्षर. बाकी काही नाही.” तिसरी पातळी पुढच्या आठवड्यात केली, पण वेगळी आवृत्ती म्हणून, तसं स्पष्ट सांगून.

सकाळी काळा पडदा पाहून गेलेले बरेच जण परत आलेच नाहीत. क्रमांक बराच खाली लागला. पण तो माझ्या ४८ तासांचा क्रमांक होता, याचं समाधान आहे.

माझ्या खेळाने कोणाचा जीव जाणार नव्हता, हे खरं. पण “आता उघडलंच आहे तर हेही करून टाकू” ही सवय घरातून कामावर जाताना तपासनाक्यावर अडवली जात नाही. तिला पास लागत नाही. म्हणून हल्ली काहीही दुरुस्त करायला बसलो, की आधी कागदावर लिहितो: नेमकं काय बिघडलंय? तेवढं झालं, की उठतो.

आता माझीही पाच मिनिटं संपली आहेत. मुदतीनंतर भर घालत नाही.